मागे घेतलेला हुकूम

संहिताच्या शाळेतलं भाषण या वेळी ऑनलाइन होतं आणि विषय तिनं निवडला होता ऑस्ट्रियावर राज्य करणारा सम्राट, दुसरा जोसेफ. नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर तिचा सराव चालला होता. श्रोता मी एकटा, त्यामुळे डचमधून मध्येच इंग्रजी.

त्यानं जमीनदारांकडे बांधलेल्या भूदासांना मोकळं केलं, प्रत्येकाला आपापला धर्म पाळू दिला, राजाची बाग लोकांना खुली केली. मग एकदा हुकूम काढला, की मृतांना पेटीत पुरायचं नाही, गोणीत पुरायचं, म्हणजे लाकूड वाचेल. लोक भडकले.

"ही मेंट वेल, बाबा. बट ही नेव्हर आस्क्ड एनीवन."

मी चहाचा कप खाली ठेवला.

असाच एक हुकूम माझाही होता. गेल्या वर्षी मार्चमध्ये मी इथून पुण्याच्या सोसायटीतल्या वॉचमनला फोन केला आणि सांगितलं, बाळासाहेबांना आत सोडायचं नाही. बाळासाहेब म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे मित्र. चाळीस वर्षं रोज पाच वाजता बुद्धिबळाला यायचे. अण्णांना दमा, आणि मी पडलो शहाणा, सकाळ-संध्याकाळ कोविडच्या रुग्णांचे आकडे बघणारा इंजिनिअर. खरं सांगितलं असतं तर अण्णांनी वाद घातला असता. म्हणून म्हणालो, "बाळासाहेबच घाबरलेत. नको म्हणाले यायला."

अण्णा नुसतं "बरं" म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

गेल्या महिन्यात बाळासाहेब कोविडनं गेले. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

"शेवटी काय झालं तुझ्या राजाचं?" मी संहिताला विचारलं.

"आजारी पडला. मरायच्या आधी बरेच हुकूम मागे घेतले." तिनं पुढची स्लाइड काढली. "टू लेट."

मला स्वतःची लाज वाटली. मागच्या अंगणात जाऊन अण्णांना फोन लावला आणि कुठंही न थांबता सगळं सांगून टाकलं. वॉचमन, माझं खोटं, सगळं.

ते चिडले असते, फोन आपटला असता, तर मला बरं वाटलं असतं.

"दिवाळीपर्यंत त्याचे फोन येत होते," अण्णा म्हणाले. "भित्रा लेकाचा, म्हणून मी एकदाही उचलला नाही."