मिस्त्रींचे इंग्रजी

"इनसिपिड," बाई म्हणाल्या आणि डाव्या हाताने सुपाची वाटी दूर सरकवली.

मिस्त्री चमचा तसाच धरून बसले. दवाखान्यात आणल्यापासून बायकोच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. मेंदूत गुठळी झाली, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली; आणि आता परत आली ती ही अशी.

"कोण पाहिजे? कुणाला बोलावू?" त्यांनी विचारले.

बाईंनी डोळे मिटून घेतले. वर्गात एखादा ढ पोरगा फळ्याशी गेला की त्या अशाच डोळे मिटत असाव्यात.

मिस्त्री बाहेर नर्सकडे गेले. "सिस्टर, इनसिपिड म्हणजे एखादं औषध आहे का हो?"

"असलं औषध आमच्याकडे नाही, काका. बाहेरून आणावं लागेल," नर्स म्हणाली आणि कामाला लागली.

दुपारी वाचेच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मराठीत विचारले की बाई मान हलवत, म्हणजे कळत सगळे होते. पण उत्तर द्यायला गेल्या की नुसते ओठ थरथरत. मग त्यांनी इंग्रजीत विचारले, तर बाई अडखळत का होईना, एकेक शब्द बोलू लागल्या.

"दोन भाषा येणाऱ्यांचं कधीकधी असं होतं," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या. "एक अडकते, दुसरी सुटते. मराठी परत येईल असं वाटतं, पण कधी ते सांगता यायचं नाही. तोवर घरात इंग्रजी कुणाला येतं?"

"तिलाच," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रींचा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेला होता. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे दोन खोल्या. लग्न झाले तेव्हा बाईंचे शिक्षण अर्धवट होते. पुढचे सगळे त्यांनी या घरात केले. त्या अभ्यासाला बसल्या की मिस्त्री भात टाकायचे आणि चहाचा कप दाराशी ठेवून पावले न वाजवता परत फिरायचे. पुढे बाई शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिल्या. शाळेच्या समारंभाला मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून जात आणि फाटकापाशीच उभे राहत. आत कुणी इंग्रजीत बोलले तर काय घ्या.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बाईंच्या कपाटातला जाडजूड शब्दकोश पहिल्यांदा हातात घेतला. सुट्या भागांची आणि मशीनवरची नावे वाचून अक्षरे त्यांना येत होती. 'ई'ची पाने त्यांनी पालथी घातली. शब्द सापडेना. मग 'आय'वर आले, बोट खाली खाली नेत राहिले आणि थांबले. अळणी. बेचव.

मिस्त्री एकटेच खो खो हसत सुटले. बायको आत जागी होती. पार जागी होती, आणि दवाखान्याच्या सुपाला नावे ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून मिठाची पुडी काढली, तर नर्सने ती हिसकावूनच घेतली. "रक्तदाब किती आहे त्यांचा? मीठ बंद आहे, काका." मग मिस्त्रींनी खाली जाऊन लिंबू आणले आणि सुपात पिळले. बाईंनी वाटी संपवली. अर्ध्या तोंडाने हसल्याही.

तिथून मिस्त्रींना जे वेड लागले त्याला तोड नाही. बाई घरी आल्या, काठी घेऊन चालू लागल्या, आणि दिवसाकाठी चार-दोन शब्द टाकू लागल्या. मिस्त्री ते कानात धरून दुकानात पळत. विसरू नये म्हणून शिंप्याच्या खडूने दुरुस्तीला आलेल्या मशीनच्या काळ्या अंगावर लिहून ठेवत आणि कोश उघडत. कधी एका झडपेत सापडे, कधी दुपार जाई. 'सटल' नावाच्या शब्दाने त्यांना दोन दिवस रडवले. शेवटी सापडला, सूक्ष्म, तर मधे एक 'बी' उगाच बसलेला. मशीन जोडून झाल्यावर एक स्क्रू हातात उरावा, तसे त्यांना वाटले.

एकदा ते नळ दुरुस्त करायचे पुन्हा विसरले, तेव्हा बाई म्हणाल्या, "प्रॉकरॅस्टिनेट."

ब्लाउज शिवणारी ताई मशीन न्यायला येऊन बसली होती. "काका, झालं का माझं?"

"पाच मिनिटं थांबा, ताई. एवढं 'प्रो' संपवतो."

"कसला प्रो? मला गिऱ्हाईकाला कपडे द्यायचेत आज."

"मिळालं," मिस्त्री म्हणाले. "चालढकल करणे." ते तसेच उठले, पाना घेऊन आत गेले आणि नळ बसवूनच बाहेर आले. ताईचे मशीन त्यानंतर. ताई कुरकुरली, पण मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे बघून तिलाही हसू आले.

इतकी वर्षे संसार झाला, पण बायको काय बोलते हे शोधून काढण्यात एवढी मजा असेल हे त्यांना माहीत नव्हते. सकाळी डोळा उघडला की आज कोणता शब्द येणार, याची हुरहुर लागे. मग त्यांना स्वतः बोलायची हौस आली. एका सकाळी बाईंनी डाव्या हाताने स्वतःची स्वतः वेणी घातली आणि खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. ऊन तोंडावर आले होते. मिस्त्रींनी 'आर'ची पाने नुकतीच वाचली होती आणि त्यातला 'रेडियंट', म्हणजे तेजस्वी, हा शब्द खास याच कामासाठी राखून ठेवला होता. त्यांनी घसा खाकरला.

"टुडे," ते म्हणाले, "यू आर रॅन्सिड."

बाईंनी वळून पाहिले. आधी खांदे हलायला लागले, मग काठी. त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिल्या. हसता हसता म्हणाल्या, "ख... खवट. मी?"

शब्द मराठी होता.

"परत म्हण," मिस्त्री म्हणाले.

"खवट."

बायकोने तोंडावर खवट म्हटल्यावर एवढा हरखलेला नवरा त्या गल्लीत दुसरा झाला नसेल. मिस्त्रींनी दुकान बंद ठेवले. दिवसभर घरातली एकेक वस्तू उचलून ते बाईंपुढे धरत होते. किल्ली. कात्री. उशी. संध्याकाळी त्या आपण होऊन "अहो" म्हणाल्या, तेव्हा मिस्त्री हातातली उशी टाकून धावत आले.

महिन्याभरात मराठी ओघळत परत आली. मिस्त्रींचा अभ्यास मात्र सुटला नाही. एका दुपारी ते ऐटीत म्हणाले, "आज मी अजिबात प्रॉकरॅस्टिनेट केलं नाही बरं का."

"काय केलं नाही?" बाईंनी विचारले.

आपली परीक्षा चालली आहे असे वाटून मिस्त्रींनी अर्थ सांगितला. बाई पहिल्यांदाच ऐकावा तसा तो ऐकत होत्या. मग त्या कपाटाकडे गेल्या, एक पुस्तक काढले आणि मांडीवर उघडून कितीतरी वेळ बसल्या.

"अक्षरं सगळी ओळखीची आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "शब्द परके झालेत."

डॉक्टर म्हणाल्या, असेही काहींचे होते. एक भाषा वर येते आणि दुसरी खाली जाते. थोडे परत येईल, सगळे बहुधा नाही.

त्यानंतर बाई जुने विद्यार्थी भेटायला आले की "झोपल्यात म्हणून सांगा" म्हणू लागल्या. मिस्त्रीही सांगत.

मग एका सकाळी मिस्त्री कोश वाचत असताना त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि एका शब्दावर बोट ठेवले. "हा काय?"

मिस्त्रींनी सांगितला. नंतर हे रोजचे झाले. शब्द मिस्त्री काढत. अर्थ कळला की बाई तो मराठीत असा काही उलगडून सांगत, की कोशातला अर्थ त्यापुढे कोरडा वाटे. दुसऱ्या दिवशी शब्द पुसट झालेला असे. मग पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा दोघांनाही येत नव्हता.

अशाच एका सकाळी, 'व्ही'ची पाने चालू असताना, दार उघडे राहिले आणि बाईंची एक जुनी विद्यार्थिनी सरळ आतच आली. तिला शाळेत नोकरी लागली होती, इंग्रजीचीच. ती बाईंच्या पाया पडून जमिनीवरच बसली.

"बाई, उद्या माझा पहिला तास. मुलांना पहिला शब्द कोणता शिकवू? तुम्ही सांगाल तोच शिकवणार."

बाई हसल्या. ओठ उघडले आणि तसेच राहिले. पदराचे टोक त्यांनी मुठीत घट्ट धरले. मुलगी वर बघत वाट पाहत होती.

दारातून मिस्त्री सहज म्हणाले, "अगं, मघाशी तू मला सांगत होतीस तो सांग की. मला तर त्याचा उच्चारही जमेना. व्होरेशस का काय तो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग मुलीकडे वळल्या, पाठ ताठ केली आणि एकेक अक्षर तोलत म्हणाल्या, "व्हो-रे-शस."

मुलीने तो शब्द तीनदा म्हटला.

मिस्त्री आत गेले. त्यांनी चहा टाकला, कप काढले. बाहेर बाई वर्गातल्या आवाजात अर्थ समजावत होत्या. अधाशी. भूक म्हणजे नुसती पोटाची नव्हे, त्या म्हणत होत्या, एखाद्याला पुस्तकाचीही लागते, आणि ती लागली की ते खाली ठेववत नाही. चहा उकळून वर आला तसा मिस्त्रींनी गॅस बारीक केला, आणि कप हातात घेऊन, ते एकमेकांवर वाजणार नाहीत असे धरून, तिथेच उभे राहिले.