शून्य कुठे धरायचं

लिलाववाले काका एमआरआयच्या यंत्रात झोपायलाच तयार नव्हते. भाजीच्या घाऊक बाजारात बोली पुकारण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. "ताई, तोंड न हलवता बोलायचं म्हणजे काय? आमच्यात त्याला मुकाट बसणं म्हणतात."

"ते तुम्हाला कधी जमलंय?" शेजारी उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या.

मला हसू आलं. नेहमीचे शब्द मी बाजूला ठेवले आणि म्हटलं, "पडद्यावर भाजीचं चित्र आलं की मनातल्या मनात तिचा लिलाव करा. फुली आली की गप्प. बस्स."

काकांच्या मेंदूत गाठ होती. ती काढताना बोलण्याच्या जागेला धक्का लागू नये, म्हणून ती जागा नेमकी कुठे आहे हे सर्जनबाईंना आधी हवं होतं. माणूस बोलायला लागला की मेंदूत त्या जागी रक्त वाढतं, आणि यंत्र एकामागून एक चित्रं घेत राहतं. पण काका कधी पुकारत होते आणि कधी गप्प होते, हे चित्रांना काय कळणार? ते सॉफ्टवेअरला मी सांगते. शून्य कुठे धरायचं, तिथून कितव्या सेकंदाला लिलाव, कितव्या सेकंदाला फुली. माझी नोकरी एवढीच, पण तिचा तोरा मी पुष्कळ मिरवलाय.

नकाशा आला. गाठ डावीकडे होती आणि डावी बाजू कोरी. उजवीकडे थोडेसे ठिपके. काका डावखुरे, आणि डावखुऱ्यांचं बोलणं कधीकधी उजवीकडे असतं. सगळं कसं छान जुळलं. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथे डोळ्यांनी पाहिलेलं उमटतं, तिथेही काहीच नव्हतं. समोर चित्रं सुरू असताना हे होऊच शकत नाही. मला ते दिसलं होतं. मी काणाडोळा केला, कारण काका बाहेर बसले होते आणि मला त्यांना चांगली बातमी द्यायची घाई झाली होती. बातमी देणं माझं कामही नव्हतं.

"काका, बोलणं सुरक्षित बाजूला आहे. गाठ पूर्ण काढता येईल." काकूंनी माझे दोन्ही हात घट्ट धरले.

पुढच्याच आठवड्यात, चहा घेताना, यंत्र चालवणारे दादा सहज म्हणाले, "नवीन प्रणाली टाकल्यापासून सुरुवातीची कच्ची चित्रं यंत्रच टाकून देतं हं. तुम्ही परत वजा करत नाही ना?"

यंत्र स्थिरावेपर्यंतची चित्रं निकामी असतात, म्हणून मी वर्षानुवर्षं प्रत्येक वेळेतून दहा सेकंद वजा करत आले होते. सवयीनं, डोळे झाकून. यंत्रानं आधीच वगळलेलं मी पुन्हा वगळलं होतं. काकांचा अर्धा लिलाव शांततेत गेला होता आणि अर्धी शांतता लिलावात.

मी शून्य दुरुस्त केलं. डावी बाजू लख्ख उजळली, गाठीला अगदी खेटून. डोळ्यांची जागाही उजळली. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेतच एक विचार आला की हा नवा नकाशा कुणाला न दाखवताच बंद करून टाकावा. दादा विषय विसरलेही होते. काकांची वाचा गेली असती तर सगळ्यांनी नशिबाला बोल लावला असता. आपण असा विचार करू शकतो याचीच मला भीती वाटली. मी जवळजवळ पळतच सर्जनबाईंकडे गेले.

त्यांनी दोन्ही नकाशे शेजारीशेजारी ठेवून पाहिले. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "बोलणं वाचवायचं तर बरीच गाठ मागे ठेवावी लागेल," त्या म्हणाल्या, "आणि ती पुन्हा वाढणार. चला, त्यांना सांगू."

वॉर्डात काकांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्याच केळ्यांचा लिलाव मांडला होता. मला पाहून ते त्याला म्हणाले, "हीच ती आमची ताई!" मला मान वर करवेना.

सर्जनबाईंनी सगळं समजावलं. मी म्हणाले, "चूक माझी आहे, काका. वेळा मी चुकीच्या घातल्या. काहीतरी बिनसलंय हे दिसत होतं, तरी मी तुम्हाला तसं सांगितलं."

"मग तेव्हा हसत हसत कशाला सांगितलंत?" काकू म्हणाल्या.

काका हळूच म्हणाले, "ताई, तो पहिलाच नकाशा नाही का ठेवता येणार? तो चांगला होता."

"तो खोटा होता, काका."

"किती काढायची ते तुम्ही दोघं ठरवा," सर्जनबाई म्हणाल्या. "सगळी काढली तर वाचा जाईल. कमी काढली तर आयुष्य कमी होईल."

काकांनी बाजारात करत असतील तसा डावा हात वर केला. आवाज मात्र बाजारातला नव्हता. "थोडी वर्षं, पण बोलती! एक वार…" त्यांनी काकूंकडे पाहिलं. "दोन वार…"

काकूंनी तो हात धरून खाली ओढला आणि आपल्या मांडीवर दाबून ठेवला.

"मला तुम्ही मुकाट चालाल," त्या म्हणाल्या.