पाचव्या थराचे शंख

फोन आला तेव्हा योगराज सुरतजवळ उधन्याच्या डाईंग मिलमध्ये मशीनच्या आत बसलेला चुना ॲसिडनं काढत होता. पलीकडच्या माणसानं गुजरातीत सांगितलं, मांडवीच्या वर तापीचा कडा ढासळला, जयश्रीबेन खाली सापडल्या, वाचल्या नाहीत. योगराजनं मशीन बंद केलं. हात धुतले. मग पुन्हा धुतले. शेजारच्या मशीनवरचा भटू म्हणाला, "चाल भाऊ. मी बी येस संगे."

योगराजची बायको जयश्री शाळेत विज्ञान शिकवायची आणि चाळिशीत पीएच.डी. करायला बसली होती. नदीच्या कड्यात मातीचे थर असतात, थरांत हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या गोगलगाईंचे शंख. गोगलगाईच्या अंगातल्या पाण्याचा ऑक्सिजन शंखात उतरतो. ऑक्सिजन हलका आणि जड असा दोन प्रकारचा; पाऊस बरा झाला की हलका जास्त, कोरडं पडलं की जड. शंखाची कड टोकरून भुकटी यंत्रात मोजली की त्या काळातला पाऊस कळतो.

"मेलेल्या गोगलगाईला पावसाचं विचारतेस होय?" तो चिडवायचा.

"ती सांगते तरी. तुम्हाला भाजीत मीठ कसं झालंय विचारलं, तर तेही सांगत नाही."

चार थर मोजून झाले होते. पाचवा, सगळ्यांत खालचा, तिला शेवटच्या आठवड्यात सापडला. शनिवारी ती त्यातले अकरा शंख मातीसकट डब्यात घालून घरी घेऊन आली. रविवारी आणखी आणायला गेली, आणि कडा तिथेच पडला.

तेरावं झाल्यावर तिच्या गाईड अमृता मॅडमचा फोन आला. "योगराजभाऊ, उद्या डबा न्यायला येते. तेवढे अकरा मोजले की जयश्रीचं काम पुरं होईल."

त्यानं डबा उघडला. शंखांना माती चिकटली होती. जयश्री शेजारणीची वाटीसुद्धा घासल्याशिवाय परत करायची नाही. तिची वस्तू अशी मळकी कशी द्यायची? त्यानं मिलमधून बाटलीत ॲसिड आणलं, शंख वाडग्यात घातले. बारीक बुडबुडे आले. माती सुटतेय, त्याला वाटलं. शंख पांढरेशुभ्र निघाले. तिच्या टॉवेलवर वाळवून त्यानं ते परत डब्यात ठेवले. 'थर ५' लिहिलेली तिच्या हातची चिठ्ठीही वर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी एक शंख उचलला. कड बोटात चुरली.

"हे कशानं धुतलेत, भाऊ?"

"ॲसिडनं. मातीच गेली नुसती."

मॅडमनी शंख परत डब्यात ठेवला. "शंख म्हणजे चुनाच असतो हो."

हे जयश्रीनं त्याला दहादा सांगितलं होतं. आणि ॲसिड चुन्याचं काय करतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. अठरा वर्षं तो तेच करत होता.

"आतला भाग तरी चालेल ना?"

"आकडा येईल, पण त्याच्यावर विश्वास ठेवता येणार नाही. तिनंही ठेवला नसता."

"मग मी खणून आणतो. जागा मला माहीत आहे."

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. पुढच्या रविवारी तो भटूला घेऊन गेलाच. फावडं सोबत होतं. पडलेला कडा नदीनं धुऊन नेला होता. थर होता तिथे पाणी वाहत होतं. भटू म्हणाला, "भाऊ, आते घर चाल." फावडं कोरडंच परत आलं.

महिन्यानं मॅडमनी जयश्रीच्या कामाचा तक्ता पाठवला. पहिल्या चार थरांपुढे आकडे आहेत. पाचव्या थराचं मोजमाप राहिलं आहे.