थोरल्या जावेची शिकवणी

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते जावेचं कौतुक ऐकून. बारा वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत वाफेत उभं राहून तिचे गुडघे कामातून गेले, आणि मॅनेजरबाईंनी कौतुक कुणाचं करावं? तर तीन वर्षांपूर्वी थोरलीनेच हाताला धरून आणलेल्या धाकट्या जावेचं! "चादरीवर नुसता हात फिरवून डाग ओळखते गं तुझी जाऊ." ओळखते तर ओळखू दे. तिला इथे आणली कुणी?

त्यातच वरच्या मजल्यांवर देखरेखीची जागा निघाली. बसायला खुर्ची, गार हवा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. हॉटेलात उतरणारे पाहुणे परदेशी, तेव्हा थोडंफार इंग्रजी यायला हवं. शनिवारी मालक येणार, लाँड्रीतल्या सहाही जणींनी स्वतःबद्दल तीन इंग्रजी वाक्यं बोलायची आणि त्यातली एक वर जायची. तयारीसाठी रोज दुपारी टॉवेलांच्या खोलीत एक सर शिकवायला येऊ लागले.

आता, सगळ्याच वर्गात बसल्या तर चादरी दाबायच्या मशीनवर कोण उभं राहणार? थोरलीने जावेला उभं केलं. "तू थांब इथे. मी शिकून येते आणि घरी तुला शिकवते. घरातल्या घरात तर आहे." धाकटीला इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं, पण एकदा कानावर पडलं की पक्कं. "जाऊबाई, तुम्ही आहात म्हणून माझं निभतंय," ती म्हणाली. आणि ते तिला खरंच वाटत होतं, हेच तर तिचं चुकलं.

सरांनी त्या आठवड्यात 'लेस'ने संपणारे शब्द घेतले. शेवटी लेस आलं की आधीची गोष्ट नाही असं समजायचं. स्पॉट म्हणजे डाग, स्पॉटलेस म्हणजे डाग नसलेलं. टायरलेस म्हणजे न थकणारी, फिअरलेस म्हणजे न घाबरणारी. "पण प्राइसलेसला फसू नका हं," सर म्हणाले. "प्राइस म्हणजे किंमत. तरी प्राइसलेस म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल! किंमत करताच येणार नाही असं." बायका हसल्या. थोरली हसली नाही. तिच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली होती.

संध्याकाळी भांडी घासता घासता तिने जावेची शिकवणी घेतली.

"तुझ्यासाठी तीन शब्द निवडलेत. सोपे नाहीत, पण मालकावर छाप पडेल. पहिला, वर्थलेस. वर्थ म्हणजे मोल. वर्थलेस म्हणजे जिचं मोलच करता येणार नाही अशी."

"अगंबाई! मी?"

"तूच. दुसरा, शेमलेस. शेम म्हणजे लाज. कुठलंही काम करायला न लाजणारी. आणि हार्टलेस. हार्ट म्हणजे काळीज. जिचं काळीज स्वतःपाशी नसतं, सगळं कामात असतं, ती."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "जाऊबाई, चांगले शब्द स्वतःला ठेवायचे सोडून मला दिलेत हो," ती म्हणाली, आणि थोरलीच्या हातातलं पातेलं काढून घेऊन उरलेली सगळी भांडी तिनेच घासली.

शनिवारी सहाही जणी रांगेत उभ्या राहिल्या. मालक, मॅनेजरबाई आणि सर समोर बसले. थोरली बोलली, "आय ॲम टायरलेस. माय वर्क इज स्पॉटलेस. आय ॲम फिअरलेस." मालकाने मान डोलावली. मग धाकटी पुढे झाली. केस चापूनचोपून बसवलेले, आवाज खणखणीत.

"आय ॲम वर्थलेस! आय ॲम शेमलेस! आय ॲम हार्टलेस!"

मग मालक जो हसत सुटला! मॅनेजरबाईंनी तोंडाला रुमाल लावला. सर तेवढे खाली बघत राहिले. "पुन्हा म्हण," मालक म्हणाला. आवडलं वाटतं, म्हणून धाकटीने ते पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्याने, आणि सगळे हसताहेत म्हणून तीही हसली.

सोमवारी किल्ल्यांचा जुडगा थोरलीच्या कमरेला आला. पहिल्याच दिवशी मॅनेजरबाई म्हणाल्या, "खाली नवीन मशीन येतंय. एक बाई कमी करायचीय. तुला सगळ्यांचं काम माहीत आहे, नाव तूच दे."

नाव द्यायला तिला पाणी पिण्याइतकाही वेळ लागला नाही. आज ना उद्या धाकटीला अर्थ कळणार, चार बायकांत ती बोभाटा करणार. त्यापेक्षा डोळ्यांसमोरच नको.

संध्याकाळी फाटकापाशी तिने जावेला सांगितलं. धाकटी म्हणाली, "सरांनी मला अर्थ सांगितले. शनिवारीच."

थोरली चपापली, पण तोंड शाबूत होतं. "मग? वर्षभर कामधंद्याविना घरी पडून आहे तुझा नवरा. आता तुम्हा दोघांचं पोट माझ्याच पगारावर भरणार, एवढं ध्यानात ठेव आणि काय बोंबलायचं ते बोंबल."

"घरी काय सांगू?" धाकटीने विचारलं.

"सांग, झेपत नव्हतं म्हणून सोडलं."

घरी सासूबाईंनी धाकटीला फाडून खाल्लं. कामचुकार म्हटलं, आयतोबा नवऱ्याची आयती बायको म्हटलं. थोरली ताटावर बसून ऐकत होती. घास तोंडात फिरत होता. आता बोलेल, आता सगळं ओकेल. धाकटीने एकदाच तिच्याकडे पाहिलं.

"झेपत नव्हतं हो सासूबाई," ती म्हणाली. "मीच सोडलं."

थोरलीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार फार बरं वाटलं. घास घशाखाली उतरला.

धाकटीने तिच्या ताटात वाढलं, पाण्याचा तांब्या जवळ सरकवला आणि खाली मान घालूनच म्हणाली, "उद्यापासून तुमचा डबा मी करत जाईन. मला आता वेळच वेळ आहे."

"मीठ बेताने घाल," थोरली म्हणाली.