हळदीचा पाट

लढाई सुरू झाली त्याच्या आदल्या वर्षी हीरालाल शेठांनी धुळ्याच्या वखारीत रंद्याचं मशीन आणलं. आमचे हे, अभिमन सुतार, त्यावर नेमले गेले आणि घरात दुसरा विषय उरला नाही. फळी एकीकडून घातली की दुसरीकडून सारख्या जाडीची बाहेर येते, हे मी जेवताना इतकं ऐकलं की भाकरीसुद्धा तशीच थापावी वाटे.

त्याच साली आमच्या लेकीचं, सुंदरचं लग्न ठरलं. सुताराने पोरीच्या लग्नाचे पाट स्वतः करायचे, ही आमच्यातली रीत. ह्यांनी सागाच्या दोन जाड फळ्या सरळ मशीनमध्ये घातल्या. चारही कोपरे मोजले, जाडी तंतोतंत. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाट छान बसले, हे मिशीत हसले.

लग्न धर्मशाळेत होतं. सकाळी तिथल्या फरशीवर पाट मांडले, तर नवरदेवाचा टक टक वाजायला लागला. विहीणबाई, पहूरच्या भिकुबाई, त्यावर बसून पाहत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "असा डोलता पाटवर मना पोऱ्या बसाव नही."

ह्यांचा चेहरा उतरला. सुताराच्या मांडवात धर्मशाळेचा पाट आणायची पाळी आली होती. मला लाजही वाटली आणि ह्यांची कीवही आली. तेवढ्यात सुंदर म्हणाली, "आबा, तो पाट मी लेस. नवरदेवले मना द्या."

"तू डोलता पाटवर बसशी?" एवढंच हे म्हणाले आणि फळी डोळ्यासमोर धरली. फळीला पीळ होता. मशीनचे रूळ तिला दाबून धरत, तेवढ्यापुरता पीळ दबे. वरून रंदा फिरे आणि बाहेर पडल्यावर फळी पुन्हा होती तशी. जाडी सारखी, पण वाकडी ती वाकडीच.

ह्यांनी घरून हातरंदा मागवला. उरलेली हळद फरशीवर पातळ फासली, पाट त्यावर टेकवून उचलला. जिथे पिवळं लागलं तो उंचवटा. तेवढाच तासायचा, पुन्हा टेकवायचा. नवं धोतर भुशाने भरलं. शेवटी सगळी खालची बाजू पिवळी उमटली. मग शेठांनी वखार उघडून दिली. पिवळी बाजू खाली ठेवून फळी मशीनमध्ये घातली, वरची बाजू सपाट निघाली. सुंदरचाही पाट तेवढाच पातळ केला, नाहीतर जोडी उंच-ठेंगणी दिसली असती.

संध्याकाळी मुहूर्ताआधी भिकुबाईंनी दोन्ही पाटांचे कोपरे दाबून पाहिले. आवाज आला नाही. कुठला कोणाचा, तेही आता ओळखू येईना.

सुंदर आली, तिने दोन्ही पाट उलटून पाहिले आणि पिवळा निवडून त्यावर बसली. हे खांबाआड जाऊन उपरण्याने डोळे पुसत राहिले.