पहिला मणी

मित्रांनो, माझ्याकडे जरा जवळून बघा. मी बालवाडीतली मण्यांची जुनी चौकट आहे. माझ्या तारा वाकल्या आहेत, रंग उडाला आहे. आता मला फार बोलवत नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सोलापुरात एका सुताराने खोक्याच्या फळ्यांपासून मला बनवले आणि मी भवानी पेठेतल्या बालवाडीत आले. मुले माझे मणी सरकवत, ओढत, चाखूनही बघत. रंभाबाई शिकवत. त्या मनाने चांगल्या होत्या, पण घाईच्या. त्या नोकरदार घरातल्या. त्यांच्याकडे धान्य रेशनच्या दुकानातून वजन करून यायचे, मापाने मोजून नव्हे.

त्याच वर्षी दाक्षायणी आली. तिचे वडील कल्लप्पा ज्वारी विकत. बाई म्हणाल्या, "मोज." तिने पहिल्या मण्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "लाभ."

वर्ग हसला. "लाभ नाही गं, एक म्हण," बाई म्हणाल्या.

तिने तोंड मिटले. पोरे तिला 'लाभाबाई' म्हणू लागली. रोज तिचे बोट माझ्या पहिल्या मण्यावर यायचे आणि तिथेच थांबायचे. तिला धीर द्यावासा वाटायचा, पण मला वाचा नव्हती.

उन्हाळ्यात बाईंनी मला काखेत मारले आणि त्या कल्लप्पांच्या दुकानात गेल्या. "अहो, हिला एकसुद्धा येत नाही. पहिलीत कशी घालू?"

कल्लप्पांनी मुलीकडे पाहिले. "मग ऱ्हाऊ द्या बाई. धाकटा हाय घरात. पाळना हलवत बसंल."

दाक्षायणीने बाईंच्या काखेतून मला काढून घेतले. तिने मला मांडीवर घेतले आणि ती पोत्यावर बसली. पाळण्याशी बसलेली मुलगी पुन्हा शाळेत येत नाही, हे मी ऐकून होते.

तेवढ्यात गिऱ्हाईक आले. कल्लप्पांनी माप भरले. "लाभ..."

माझा पहिला मणी सरकला.

"दोन... तीन..." मणी सरकत राहिले. चौथे माप ओतताना गिऱ्हाइकाने पाव्हण्यांची चौकशी केली, आणि कल्लप्पा गप्पांत रमले. मग मापट्याकडे बघत गिऱ्हाइकाला म्हणाले, "किती झाली रं?"

"चार झाली की आप्पा! आता पाच," दाक्षायणी म्हणाली.

रंभाबाई तिथेच पोत्यावर टेकल्या. "पहिल्या मापाला एक का म्हणत नाही?"

"आवो बाई, मापाची सुरवात लाभानं करावी. बापजाद्यापासनं चालत आलंय. एक म्हनलं तर आमची म्हातारी घरात घील व्हय?"

बाईंनी माझ्या पहिल्या मण्यावर स्वतःचे बोट ठेवले. मग दाक्षायणीला म्हणाल्या, "शाळेतसुद्धा आधी लाभच म्हण. एक नंतर शिकू. कल्लप्पा, जूनमध्ये मी हिला पहिलीत नेणार. पाळण्याचं तुमचं तुम्ही बघा."

"हलवतो की मीच," कल्लप्पा म्हणाले, "गिऱ्हाईक नसल्यावर."

दाक्षायणी पहिलीत गेली. काही आठवड्यांनी, बालवाडीच्या वर्गात कुणी नसताना, तिने आत येऊन माझ्या पहिल्या मण्यावर बोट ठेवले आणि हळूच म्हणाली, "एक." मग इकडेतिकडे बघून पुटपुटली, "लाभ."

आता भिंतीवर रंगीत तक्ते आले आहेत आणि मी कपाटावर धुळीत पडून आहे. दमले आहे. मला पुसले नाहीत तरी चालेल. पण मित्रांनो, तुमचे धाकटे भावंड मोजताना पहिल्याच मण्यावर अडले, तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुला कसं मोजता येतं? मग उत्तर येईपर्यंत थांबा. माझा पहिला मणी सगळ्यांत जास्त झिजला आहे. तो सरकून झिजलेला नाही. त्याच्यावर एक बोट फार दिवस वाट बघत होते.