खोलची बाटली

“काका, तुमची बाटली बरोबर आहे. यंत्रच चुकतंय,” शास्त्रज्ञ मॅडम आकड्यांवरची नजर न काढता म्हणाल्या.

या संशोधन जहाजावर सव्वीस वर्षं काका समुद्राच्या पाण्याच्या बाटल्या भरत आले होते. तारेवरून खोल सोडलेलं यंत्र तापमान आणि खारटपणा मोजत, खोलखोलचं पाणी घेऊन वर येई. त्यानं सांगितलेला खारटपणा खरा की खोटा, ते काकांच्या बाटल्या ठरवत. तळाजवळचं पाणी सहसा बदलत नाही, म्हणून त्या बाटलीचा शब्द शेवटचा.

“आता हिच्यावरूनच सगळ्या सफरीचे आकडे दुरुस्त करते.”

“एवढी घाई कशाला?”

“घाई? हिचं पाणी खोलीच्या तापमानाला यावं म्हणून कालपासून थांबलेय की!”

काका दारापर्यंत गेले, परत आले. टेबलावरचं फडकं उचललं, पुन्हा तिथंच ठेवलं. भरण्याआधी त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची, नाहीतर आधीच्या थेंबांनी खारटपणा बदलतो, हे त्यांनी किती नवख्यांना दमात घेऊन शिकवलं होतं! काल चार वाजता जहाजाच्या फोनवरून घरी बोलायची त्यांची पाळी होती. एकदा विसळल्याचं आठवत होतं. दुसऱ्यांदाही. पुढे मात्र नुसता घड्याळाचा काटा दिसत होता. धापा टाकत फोन धरला, तर बायको म्हणाली, “अहो, माझ्या गाठीचा रिपोर्ट उद्या येणार. चारलाच करा. मी फोनपाशीच बसते.”

“मॅडम, ती बाटली हिशेबात धरू नका.”

“का?”

“दोनदाच विसळली असेल. काल माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.”

“असेल म्हणजे?”

“तेच तर. खात्री देता येत नाही.”

मॅडमनी आता कुठे मान वर केली. वहीतला आकडा एका रेघेनं खोडला. “यंत्र चारला वर येतंय. आज नीट भरा.”

चारला काका ओल्या डेकवर उकिडवे बसले होते. बाटलीत थोडं पाणी घेतलं, बूच लावून हलवलं, ओतून दिलं.

“एक,” ते मोठ्यानं म्हणाले.

“काका!” जिन्यावरून फोनवाला ओरडला. बिनतारी फोन त्याच्या हातातच होता. “काकू लाइनवर आहेत! दहाच मिनिटं आहेत हं. समुद्र काय पळून चाललाय?”

काकांनी बाटलीत पुन्हा पाणी घेतलं, हलवून ओतलं. गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

“दोन.”

फोनवाला दोन पायऱ्या खाली उतरला. मग फोन कानाला लावून हळूच म्हणाला, “काकू, धरा हं जरा. काका मोजतायत.”